वरची माती तशीच

आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी नवा केला. नवा म्हणजे आतून. पोराचा पुण्यातला फ्लॅट जसा, तसंच गावाकडचं घर दिसावं असं त्याच्या मनात होतं. पैसा त्याचा, म्हणून मी फार तोंड घातलं नाही. आता दोन पावसाळे गेलेत. लोक पुस्तकाचं परीक्षण लिहितात, नाटकाचं लिहितात. मी घराचं लिहितो. शिक्षण दहावी, पण ह्या घरात जन्मापासून राहिलोय, तेवढा अधिकार पुरे.

आधी चांगलं सांगतो. न्हाणी आणि संडास घरात आले. माझ्या आईनं सगळा जन्म अंधारात तांब्या घेऊन पांदीला जाण्यात काढला. हे काम तीस वर्षांपूर्वी मीच करायला पाहिजे होतं, ते पोरानं केलं. ओटा उभ्याचा झाला, बायकोच्या गुडघ्याला आराम पडला. जुनं ते सोनं म्हणणाऱ्याला एकदा भर पावसाळ्यात ओल्या तुराट्या फुंकत चुलीपुढं बसवावं.

आता खोट सांगतो. डिझाइनर पोरगी गुणाची, मला 'काका' म्हणायची. पण ती आली चैत्रात, घर रिकामं असताना. सुगीत ह्या घरात काय काय येऊन पडतं ते तिनं पाहिलंच नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. धान्याचं बळद फोडून तिथं आरशाचं कपाट झालं. आता ज्वारीची पोती जायच्या-यायच्या वाटंत थप्पी लावून असतात. जात्यावर काच टाकून टीपॉय केलं. बायको त्यावर कप ठेवत नाही. म्हणते, "अहो, सासूबाईंनी इथं दळण दळलं, चहा कसा सांडू?" ओसरीला काचेचं दार बसलं. पूर्वी वाटेनं जाणारा माणूस टेकायचा, तंबाखू मळायचा. आता भावकीतली माणसंसुद्धा अंगणात उभी राहून बोलतात. आत या म्हणलं तर म्हणतात, "न्हाई, पाय भरल्यात."

भिंतींचं वेगळंच. आमच्या भिंती दगडाच्या, मातीत रचलेल्या. जोत्यातनं ओल वर चढते, पण ती शेणमातीच्या लिंपणातनं वाळून जायची. सिमेंटचा गिलावा केल्यावर तिची वाट बंद झाली. दुसऱ्या श्रावणात रंग फुगला आणि पोपडे पडायला लागले.

हे सगळं एक वेळ चालवून घेता येईल. माझी खरी तक्रार छताबद्दल आहे.

घर माळवदाचं. खांबावर तुळया, त्यावर सर, त्यावर फळ्या-काटक्या, आणि वर हातभर पांढरी माती. पोरानं खालनं जिप्समचं छत मारून घेतलं, त्यात रांगेनं दिवे. उजेडाचं सवणं बुजवलं. दिसायला झकास. पण तुळई झाकली गेली. तिला वाळवी लागली का, कुठं गळतंय का, हे रोज उताणं पडल्यावर दिसायचं, ते दिसंना झालं. आणि डोक्यावरची माती तशीच.

आमचा जिल्हा धाराशिव. १९९३ साली गणपती बुडवून आम्ही झोपलो होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर भागात हजारो माणसं गेली, ती रुंद दगडी भिंती आणि माळवदाचं ओझं अंगावर आल्यानं. आमच्या वाड्याला भेगा गेल्या, पण तो उभा राहिला. पुढं इंजिनिअर लोक सांगायचे : माळवदावरची माती कमी करा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे टेकू द्या, भिंतीत आरपार जोडदगड घाला. मी मान हलवली आणि दर मृगाच्या आधी गळू नये म्हणून वर आणखी माती टाकतच गेलो. म्हणजे पोरानं ओझं झाकलं, आणि वाढवलं मी. दोष एकट्या त्याचा नाही.

ह्या दिवाळीत त्याला शिडी धरायला लावली आणि माजघरातलं छत चौकोनी कापलं. तुळईचं भिंतीतलं टोक वाळवीनं खाल्लेलं. बोट घातलं तर आत गेलं. त्याखालीच नातवाचा पलंग. पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानंच सुताराला बोलावलं.

तुळई बदलली, टेकू दिले. माळवदावरची निम्मी माती उतरवून वर पत्रा घातला, सवण्यावर काच बसवली. जोडदगडाचं काम उन्हाळ्यात धरायचंय. आतापर्यंतचा खर्च त्या दिव्यांच्या छतापेक्षा कमी आला.

जुनं घर नवं करणाऱ्यानं करावं, मी आडवा येणार नाही. फक्त क्रम सांगतो. आधी वर चढा, मग भिंती ठोकून बघा, मग पोती कुठं ठेवणार ते ठरवा. सोफ्याचा रंग सगळ्यात शेवटी.

जातं मात्र अजून काचेखालीच आहे. ते कधी उघडायचं, ते बायको ठरवेल.