राजभवनातलं घड्याळ

२०२५ सरता सरता देशभरातल्या राजभवनांच्या पाट्या बदलू लागल्या. 'राज' गेलं, 'लोक' आलं. मुंबईत मलबार हिलच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेली ती पन्नासेक एकरांची जागाही आता लोकभवन झाली. बदल झटपट झाला. हे मुद्दाम नोंदवून ठेवायला हवं, कारण या लेखाचा विषय राज्यपालांपेक्षाही त्यांच्याकडचा वेळ हा आहे.

या पदाबद्दल आपल्याकडे दोन मतं तयार असतात. पहिलं, राज्यपाल म्हणजे रबरी शिक्का, निवृत्त नेत्यांची सोय. दुसरं, राज्यपाल म्हणजे दिल्लीचा माणूस. दोन्ही मतं वापरून वापरून गुळगुळीत झाली आहेत आणि दोन्हींत तथ्यही आहे. पण ती एकमेकांशी जुळत कशी नाहीत, याकडे आपण बघत नाही. ज्याला स्वतःचा अधिकारच नाही तो माणूस दिल्लीच्या कामाचा कसा? रबरी शिक्क्याने सरकारं कशी पडतात?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागेल. मुंबई प्रांताचे गव्हर्नर आधी परळला राहत. १८८२मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे कॉलऱ्याने गेल्या आणि त्यानंतर मुक्काम मलबार पॉइंटला हलला. परळच्या त्या वाड्यात पुढे हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. आजची हाफकिन संस्था तीच. पुण्यात पावसाळी मुक्कामासाठी गणेशखिंडीत दुसरा वाडा होता. २२ जून १८९७च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून रँड तिथूनच निघाला होता. पुढचं आपण शाळेत शिकलोय. आज त्या वाड्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे, आणि विद्यापीठाचे कुलपती आहेत राज्यपाल. वाडा सुटला, पण मालकी पुरती सुटली नाही, असं गमतीने म्हणता येईल.

वाड्यांपेक्षा महत्त्वाचा वारसा कायद्यातून आला. १९३५च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना निवडून आलेली मंत्रिमंडळं दिली आणि त्यांच्या डोक्यावर गव्हर्नर ठेवला. काही बाबतींत तो स्वतःच्या विवेकाने वागणार, काहींत मंत्र्यांचं ऐकून घेऊन मग स्वतःचं ठरवणार. काँग्रेसला ही मेख कळली होती. १९३७च्या निवडणुका जिंकूनही तिने सत्ता घ्यायला नकार दिला: गव्हर्नर हे खास अधिकार कारभारात वापरणार नाहीत, असा भरवसा आधी द्या. तोवर मुंबईत सर धनजीशा कूपर यांचं अल्पमतातलं मंत्रिमंडळ एप्रिल ते जुलै चाललं, मग बाळासाहेब खेर आले. १९३९मध्ये काँग्रेसची मंत्रिमंडळं बाहेर पडल्यावर त्याच कायद्याच्या ९३व्या कलमाखाली गव्हर्नरने प्रांताचा कारभार स्वतःकडे घेतला आणि तो १९४६पर्यंत सोडला नाही. आजचं ३५६वं कलम या ९३व्याच्याच वंशातलं.

म्हणजे गव्हर्नर आपल्यासाठी काय करून ठेवू शकतो, हे घटना समितीतल्या बऱ्याच जणांनी स्वतः भोगलेलं होतं. तरीही त्यांनी ते पद का ठेवलं, हा प्रश्न मला कोर्टाच्या निकालांपेक्षा जास्त सतावतो. १९४७मध्ये समितीने ठरवलं होतं की राज्यपाल थेट लोकांनी निवडायचा. १९४८च्या मसुद्यात निवडणुकीला पर्याय म्हणून दुसरा मार्गही आला: विधिमंडळाने चार नावं सुचवावीत, राष्ट्रपतींनी त्यातलं एक निवडावं. मे १९४९च्या अखेरीस दोन्ही बाजूला पडलं आणि सरळ नेमणूक आली. फाळणीनंतरची ती दोन वर्षं होती, प्रांतांनी फुटून निघण्याची धास्ती खरी होती. नेहरूंना स्थानिक गटबाजीपासून लांबचा, बाहेरून आलेला प्रतिष्ठित माणूस जास्त योग्य वाटत होता. शिवाय एक मुख्यमंत्री निवडून आलेला आणि एक राज्यपालही निवडून आलेला, मग दोघांत लोकांचा खरा प्रतिनिधी कोण, हा पेच होताच.

आंबेडकरांचा युक्तिवाद यात सर्वांत नेमका होता, आणि मला वाटतं, फट राहिली तीही तिथेच. त्यांचं म्हणणं असं की राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने करण्याजोगं कामच उरणार नाही. मग ज्याला अधिकार नाही त्याच्यासाठी निवडणुकीचा खटाटोप आणि खर्च कशाला? तर्क बिनतोड आहे, पण एका गृहीतकावर उभा आहे: अधिकार म्हणजे काहीतरी करण्याचा अधिकार. काही न करण्याचाही अधिकार असतो, सही न करता कागद टेबलावर ठेवून देण्याचा, हे त्या हिशेबात आलं नाही. ह. वि. कामत आणि हृदयनाथ कुंझरू यांनी 'स्वविवेक' या शब्दावर हरकत घेतली होती. शब्द राहिला. उलट आजच्या १६३व्या कलमात असंही आहे की एखादी बाब राज्यपालांच्या स्वविवेकातली आहे का, असा वाद झाला तर त्यावर राज्यपालांचाच निर्णय अंतिम. आपल्या अधिकाराची हद्द आपणच आखायची. गावच्या तलाठ्यालाही कुणी अशी सवलत देणार नाही.

दुसऱ्या बाजूला १५६वं कलम. मुदत पाच वर्षांची, पण राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंत. 'मर्जी' हा आपल्याकडचा दरबारी शब्द. ती राखावी लागते, बहाल होते आणि खप्पाही होते. २००४मध्ये केंद्रात सरकार बदलताच गोव्यासह चार राज्यांचे राज्यपाल घरी गेले. सहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारच्या विचारसरणीशी जुळत नाही म्हणून राज्यपाल काढता येणार नाही. गेलेले परत आले नाहीत.

आता महाराष्ट्र. २०१९ ते २०२२ हा काळ तुमच्यापैकी बहुतेकांनी फोनवर नोटिफिकेशन येत असताना पाहिलाय, त्यामुळे घटनाक्रम सांगत बसत नाही. फक्त वेळा बघा. २४ ऑक्टोबर २०१९ला निकाल. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी ती उठली आणि आठच्या सुमाराला देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झालेला होता. (घड्याळ हे पक्षचिन्हही त्या सकाळी तिथे हजर होतं, हा निव्वळ योगायोग.) रात्रीतून इतक्या वेगाने कागद फिरवणारं कार्यालय मंद आहे, असं कुणी म्हणू शकणार नाही.

त्याच कार्यालयात नोव्हेंबर २०२०मध्ये महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने बारा नावांची यादी पाठवली. विधान परिषदेत राज्यपालांनी नेमायच्या बारा जागा आहेत, १७१व्या कलमाप्रमाणे साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या जाणकारांसाठी. या जागांवर एकेकाळी ग. दि. माडगूळकर होते. १९७८मध्ये ना. धों. महानोर गेले, पळसखेड्याच्या शेतातला कवी सभागृहात पाण्यावर बोलला. साहित्याच्या वाचकांनी तरी या बारा खुर्च्यांवर हक्क सांगावा, इतका त्यांचा आपल्याशी संबंध आहे. २०२०च्या यादीतली जी नावं वर्तमानपत्रांत आली त्यांत गायक आनंद शिंदे होते, ऊर्मिला मातोंडकर होत्या, आणि एकनाथ खडसे, राजू शेट्टीही होते. यादी निर्मळ होती असं म्हणायचं नाही. पक्षाच्या गैरसोयीत अडकलेल्यांची सोय लावणं हा या जागांचा जुना रोग आहे आणि तो सगळ्यांना झालेला आहे.

यादी आवडली नाही तर परत पाठवता आली असती. शंका विचारता आल्या असत्या. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी यातलं काहीच केलं नाही. ऑगस्ट २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की नावं स्वीकारावीत किंवा परत पाठवावीत, पण वाजवी मुदतीत काही एक कळवणं हे कर्तव्य आहे, आणि आठ महिने म्हणजे पुरेसा वेळ झाला. मात्र राज्यपाल न्यायालयाला उत्तरदायी नसल्यामुळे आदेश देता येत नव्हता. यादी तशीच राहिली. जून २०२२मध्ये सरकार गेलं, नव्या सरकारने यादी मागे घेतली. पुढे वेगळे राज्यपाल असताना १५ ऑक्टोबर २०२४ला सात जणांचा शपथविधी झाला, विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या काही तास आधी. त्या सातांत माडगूळकर किंवा महानोर शोधायला जाऊ नका.

त्या काळात आपलं लक्ष कुठे होतं? देवळं उघडण्यावरच्या पत्रात मुख्यमंत्र्यांना 'धर्मनिरपेक्ष झालात का' असं विचारलं गेलं, यावर आपण चिडलो. गुजराती-राजस्थानी मुंबईतून गेले तर पैसा उरणार नाही, या वक्तव्यावर तर मीमचा महापूर आला. राग रास्त होता. पण बोलण्याची माफी मागता येते, आणि त्या वक्तव्याबद्दल ती मागितलीही गेली. न बोलण्याने जे झालं, दोन वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागा, फेब्रुवारी २०२१पासून सव्वा वर्षाहून जास्त काळ अध्यक्षाशिवाय चाललेली विधानसभा, त्याचं मीम होत नाही. मौनाचा स्क्रीनशॉट काढता येत नाही.

मग जून २०२२मध्ये पुन्हा वेग आला. बहुमत चाचणीचा आदेश निघाला, उद्धव ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला. ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चाचणी बोलावण्याइतका वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांसमोर नव्हता. पण राजीनामा दिलेला असल्याने जुनं सरकार परत आणता येणार नाही. हा निकाल वाचताना कायद्याचा विद्यार्थी समाधानाने मान डोलवेल. मतदाराने काय करायचं?

हे सगळं एका पक्षावर ढकलून मोकळं होण्यात अर्थ नाही. १९५९मध्ये केरळचं नंबूद्रिपाद सरकार राज्यपालांच्या अहवालावर बरखास्त झालं तेव्हा पंतप्रधान नेहरू होते. १९८०च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात शरद पवारांचं पुलोद सरकार गेलं, १९८४मध्ये आंध्रात एन. टी. रामाराव यांना बहुमत असताना घालवलं गेलं, आणि दोन्ही वेळा दिल्लीत इंदिरा गांधी होत्या. विरोधात असताना सगळ्यांना सरकारिया आयोग पाठ असतो, सत्तेत आल्यावर अहवाल सापडत नाही. मात्र एक फरक झाला आहे. १९९४च्या बोम्मई निकालाने सरकारं बरखास्त करणं अवघड केलं: बहुमत सभागृहातच मोजायचं. पूर्वी राज्यपाल कृतीने घाव घालत, आता विलंबाने घालतात. माझ्या मते एक दार बंद झालं म्हणून दुसरं वापरात आलं.

आणि ते दुसरं दार बंद करण्याचा प्रयत्नही होऊन गेला. तमिळनाडूत अडकून पडलेल्या दहा विधेयकांना सर्वोच्च न्यायालयाने ८ एप्रिल २०२५ला स्वतःच संमती मिळाल्याचं मानलं आणि पुढच्यासाठी मुदती घालून दिल्या. नोव्हेंबरमध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने राष्ट्रपतींच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितलं की न्यायालयाला अशा मुदती घालता येत नाहीत, मानीव संमतीही देता येत नाही. पण राज्यपालांना कायमचं बसून राहता येणार नाही, आणि कारणाविना लांबलेल्या विलंबात मर्यादित दखल घेता येईल. राज्यघटनेत 'शक्य तितक्या लवकर' अशा अर्थाचे शब्द आहेत. शक्य किती, ते अजूनही टेबलापलीकडचा माणूस ठरवतो. त्याच महिन्यात पाट्याही बदलायला सुरुवात झाली होती.

मग पद रद्दच करावं का? तमिळनाडूत अण्णादुराईंनी बोकडाच्या दाढीशी तुलना करून कधीच उत्तर दिलं होतं. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही, आणि त्याचं कारण पुन्हा कोश्यारींच्याच कारकिर्दीत आहे. एप्रिल-मे २०२० आठवा. मुख्यमंत्र्यांना सहा महिन्यांत आमदार होणं भाग होतं, मंत्रिमंडळाने त्यांच्या नेमणुकीची शिफारस दोनदा केली, राजभवन गप्प, शेवटी निवडणूक घेऊन ते १४ मे रोजी बिनविरोध निवडून आले. सगळी चॅनेलं तिकडे होती. चार दिवसांनी, १८ मे रोजी, राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली राज्यपालांची एक अधिसूचना निघाली. वनहक्क कायद्यात जिल्हास्तरीय समितीने दावा फेटाळला की विषय संपायचा. महाराष्ट्राच्या अनुसूचित क्षेत्रात आता त्यावर विभागीय स्तरावरच्या समितीकडे अपील करता येणार होतं. गडचिरोली, नंदुरबार, पालघरमध्ये ज्यांचे दावे नुसते 'नामंजूर' शेरा मारून परत आले होते, त्यांच्यासाठी ही एक खिडकी उघडली.

या अनुसूचीखाली राज्यपालांना एखादा कायदा आदिवासी भागात लागू न करण्याचा किंवा बदलून लागू करण्याचा अधिकार आहे. असा अधिकार मुख्यमंत्र्यांनाही नाही. तो वापरताना मंत्रिमंडळाचा सल्ला किती बंधनकारक, यावर जाणकारांत वाद आहे. पण निदान इथे राज्यपालाने काही करावं असं घटनेनेच लिहून ठेवलंय. ३७१व्या कलमाने विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषाबद्दलही अशीच खास जबाबदारी महाराष्ट्राच्या राज्यपालांवर टाकली आहे. त्यासाठी १९९४मध्ये स्थापन झालेल्या वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती संपली तेव्हाही चॅनेलं मलबार हिलवरच होती, पण बातमी वेगळी चालू होती.