तीन पत्तीतली बतावणी आणि एक शोधनिबंध

पेपर हातात आला की आधी निष्कर्षाकडे धावू नका, ‘यांनी नेमकं मोजलं काय?’ हे विचारा. आज त्यासाठी एक मजेदार पेपर घेऊ. २०१३ मध्ये मायकेल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी तो ‘सायकॉलॉजिकल सायन्स’मध्ये छापला. २००९ च्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’मधल्या, खेळाडू पैसे लावतानाच्या छोट्या क्लिप त्यांनी लोकांना दाखवल्या आणि विचारलं, याचे पत्ते किती चांगले असतील? नुसता चेहरा पाहणाऱ्यांचे अंदाज योगायोगापेक्षाही वाईट निघाले. नुसते हात पाहणाऱ्यांचे मात्र योगायोगापेक्षा बरे. म्हणजे चेहरा फसवतो, चिप्स सरकवणारा हात चुगली करतो.

एकच क्लिप वेगवेगळी कापून दाखवायची ही युक्ती मला फार आवडली. तक्रार वेगळीच आहे. यांनी अभिनय मोजला, गोष्ट मोजलीच नाही.

पोकरची आपल्याकडची चुलत बहीण तीन पत्ती. जळगाव-धुळ्याकडे आखाजीला बाया झोक्यावर आणि माणसं पत्त्यांवर, हे काही नवीन सांगायला नको. आता गणित बघा. ५२ पत्त्यांतून तिनाचे २२,१०० संच होतात, त्यातल्या १६,४४० मध्ये साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे जवळपास ७४ टक्के वेळा हातात काही नसतंच. मग माणूस खेळतो कशावर? बतावणीवर. आधी ब्लाइंड, मग पत्ते बघणं, जरा थांबणं, मग दणकन चाल वाढवणं. समोरचा बघतो ते एवढंच, की ही चौथी चाल पहिल्या तीन चालींशी जुळते का. दोनेक सेकंदांच्या क्लिपमध्ये हे येणार कुठून? शिवाय क्लिप पाहणाऱ्याचा स्वतःचा एक रुपयाही डावावर नव्हता.

आणि ब्लाइंड तर कमालच आहे. खेळणाऱ्याने स्वतःचेच पत्ते पाहिलेले नाहीत, त्याचा हात चुगली करणार तरी कशाची? तरी समोरचे पॅक करतात. स्लेपियन यांना नसलेला कंट्रोल इथे खेळाच्या नियमातच आहे! एकाच माणसाची ब्लाइंड चाल आणि पत्ते पाहिल्यानंतरची चाल शेजारी ठेवा. हाताच्या हालचालीत जो फरक दिसेल, तो पत्ते माहीत झाल्यामुळे असण्याची शक्यता जास्त. (पत्ते पाहिलेल्याला चाल किमान दुप्पट लावावी लागते, तो घोळ मात्र डिझाइनमध्ये सोडवावा लागेल.)

जाता जाता, १९६७ च्या एका निकालात सुप्रीम कोर्टाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवलं आणि तीन पत्त्यांच्या ‘फ्लश’ला निव्वळ नशिबाचा. वाटप नशिबाचं, मान्य. पण फॉन नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४ च्या पुस्तकात पोकरचं सोपं रूप घेऊन दाखवलं की ब्लफ ही खोड नसून गरज आहे. कधीच थाप मारली नाही, तर चांगल्या पत्त्यांवरही कोणी पैसे लावत नाही. हे गणित तीन पत्तीच्या चालींनाही लागू पडावं असं मला वाटतं.

प्रयोग करायचा तर खरी अडचण पैशांची आहे. जुगार खेळवता येणार नाही, १८८७ चा कायदा आहे. चिंचोक्यांवर खेळवलं तर एथिक्स कमिटी लगेच हो म्हणेल, पण हरायची भीतीच नसेल तर हात कशाला अडखळेल? मला सध्या एकच मार्ग दिसतो. सगळ्यांना सारखं मानधन द्यायचं, आणि हरणाऱ्याने शेवटी सगळ्यांसाठी चहा करायचा.