उरलेला रंग

लग्नाच्या अल्बममध्ये एक पान हमखास सापडतं. नवरीचे हात काळे-पांढरे, मेंदी करडी, आणि चुडा तेवढा हिरवागार. मोबाइलवर हे आता एका टिचकीत होतं. मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणूनच त्याची सध्याची अवस्था बघवत नाही.

ही हौस छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. १८४०च्या दशकात डगेरोटाइपच्या चकचकीत पत्र्यावर कारागीर रंगाची पूड अलगद टेकवत, गालांवर गुलाबी, दागिन्यांवर सोनेरी. पुढे योकोहामात फेलिचे बेआतोच्या स्टुडिओत जपानी चित्रकार फोटोंवर जलरंगांचा पातळ हात फिरवत. त्या रंगाखालून फोटोतली मूळ सावली दिसत राही, त्यामुळे किमोनोच्या चुण्या रंगल्या तरी चुण्याच राहत.

तेव्हा रंग चढवला जाई. आज फोटो जन्मतःच रंगीत असतो आणि आपण बाकीचा रंग उतरवतो. फोटोशॉपमध्ये मास्क लावला, चुडा झाकला, उरलेलं सगळं करडं केलं की काम झालं. पण हिरव्या काचेतून उजेड मनगटावर सांडलेला असतो, त्वचेला किंचित हिरवी झाक असते. मास्क ती झाक पुसतो. मग चुडा हातात भरलेला वाटत नाही, कात्रीने कापून चिकटवलेला वाटतो.

त्याहून मोठा प्रश्न असा, की नेमका हाच रंग का ठेवायचा?

आकिरा कुरोसावाचा ‘हाय अँड लो’ (१९६३) पाहताना मला याचं उत्तर मिळालं. सिनेमा कृष्णधवल आहे. खंडणीच्या पैशांच्या बॅगांमध्ये पोलिसांनी असं काही दडवलेलं असतं, की बॅग जाळली तर रंगीत धूर निघावा. आणि एका क्षणी शहरातल्या धुराड्यातून गुलाबी धूर वर चढतो. अख्ख्या सिनेमात रंग असलेली तेवढी एकच गोष्ट. तो धूर करडा असता तर इतर धुरांत मिसळून गेला असता आणि तपास तिथेच अडला असता. ‘शिंडलर्स लिस्ट’मधल्या (१९९३) चिमुरडीचा लाल कोटही असाच. क्राकूवच्या गल्लीतून ती एकटी चालत जाते. नंतर प्रेतांच्या गाड्यावर तो कोट पुन्हा दिसतो, आणि तिला आपण केवळ त्या लालीमुळे ओळखतो. या दोन्ही ठिकाणी करड्याला जे सांगता येत नाही, ते रंग सांगतो.

नंतरच्या नकलांनी लाल छत्री घेतली, लाल गुलाब घेतला, लंडनची लाल बस घेतली. त्या फोटोंमध्ये लाल रंग काढून टाकला तरी काहीच हरवत नाही.

चुड्याचं तसं नाही. लाल आणि हिरवा, भिन्न रंग असूनही, कृष्णधवलात अनेकदा एकाच करड्या छटेत उतरतात. कुंकू आणि चुडा सारखेच दिसू लागतात, म्हणजे नवरीच्या अंगावरचं सगळ्यात बोलकं तेच मुकं होतं. माझ्या आत्याच्या लग्नाच्या फोटोत स्टुडिओतल्या रंगाऱ्याने नेमकं एवढंच रंगवलं होतं, कपाळावरचं कुंकू आणि हातातला चुडा. त्याचा कुंचला एके ठिकाणी बांगडीबाहेर घसरला आहे आणि मनगटावर फिकट हिरवा डाग उतरला आहे. लहानपणी मला ती चूक वाटायची. आता तो डाग काचेतून सांडलेल्या उजेडासारखा दिसतो.