मागच्याला दिसावं म्हणून

मोटरसायकलच्या मागच्या दिव्याची पारख दुकानात होत नाही. ट्यूबलाईटखाली, हातभर अंतरावरून पाहिलेला प्रत्येक एलईडी दिवा डोळे दिपवतोच, आणि गिऱ्हाईक नेमकं त्यालाच भुलतं. पारख करायची तर नाशिकच्या आसपास त्यासाठी उत्तम जागा आहेत. जुलैत इगतपुरीच्या पुढे, कसारा घाटाच्या तोंडाशी, जिथे ढग रस्त्यावर उतरलेला असतो आणि पुढच्या ट्रकचं नुसतं इंजिन ऐकू येतं. जानेवारीच्या पहाटे निफाडकडे, द्राक्षबागांवरून धुकं रस्त्यावर सरकत असताना. किंवा कांद्याच्या हंगामात लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या रस्त्यांवर, जिथे मागे एकही दिवा नसलेली ट्रॉली काळोखातून अचानक समोर उभी राहते. अशा ठिकाणी दुसऱ्याची गाडी मागून बघावी. आपली गाडी आपल्याला मागून कधी दिसतच नाही. पैसे मोजणारा एक, बघणारा दुसरा, आणि तो दुसरा बहुधा स्टीअरिंगमागे पेंगुळलेला. 2022 साली देशात रस्त्यावर मेलेल्यांपैकी सुमारे 44 टक्के लोक दुचाकीवरचे होते. तेव्हा हा नुसत्या हौसेचा मामला नाही.

आधी कंपनीने दिलेला दिवा नीट वाचावा. जुन्या बुलेटचा मागचा बल्ब काढून उजेडात धरा. काचेच्या एकाच फुग्यात दोन तारा दिसतील. एक 5 वॉटची, सतत जळणारी. दुसरी 21 वॉटची, ब्रेक दाबल्यावरच पेटणारी. वॉटच्या हिशेबात फरक चौपट, पण उजेडाच्या हिशेबात तो बारापट पडतो: छोटी तार साधारण 35 ल्युमेन देते, मोठी 440. या बारापटीत सगळी रचना आहे. छोटी तार म्हणते, ‘मी इथे आहे’. मोठी म्हणते, ‘मी थांबतोय’. मागच्याला या दोन वाक्यांतला फरक विचार न करता, पायाच्या स्नायूत कळला पाहिजे. म्हणून पहिलं वाक्य हळू आवाजातच हवं. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातला जादा दिवा टेललाईटच्या वायरवर जोडून भगभगीत पेटवला, की पहिलं वाक्यच ओरडायला लागतं आणि दुसऱ्याला बोलायला जागा उरत नाही. तानपुरा गायकापेक्षा मोठा लावल्यावर मैफलीचं जे होईल, तेच इथे होतं. असा दिवा लावलेल्या माणसाला वाटतं आपण जास्त दिसतो. दिसतोही. पण तो ब्रेक कधी मारतो ते मागच्याला कळत नाही.

या बाबतीत मला बजाजच्या पल्सरचं कौतुक आहे. 2001 साली आलेल्या त्या गाडीला 2006-07 च्या सुमारास मागे दोन उभ्या लाल एलईडी पट्ट्या मिळाल्या. मधे काळी फट, दोन्ही बाजूंना सरळ रेघ, बाकी काही नाही. पुढे एनएस 200 आली, डॉमिनार आली, गाड्यांची तोंडं बदलली, पण ही सही कंपनीने सोडली नाही. गाडी पुढून ओळखू येण्यापेक्षा मागून ओळखू यावी, हा विचार बजाजच्या आकुर्डीतल्या कुणा डिझायनरने केला असेल तर त्याला दाद द्यायला हवी, कारण महामार्गावर गाडीची मागची बाजू हाच तिचा चेहरा असतो. त्या पट्ट्यांना आडवं वळण नाही, नक्षी नाही. रात्री नाशिकच्या द्वारका चौकात शंभर दिव्यांच्या गर्दीतसुद्धा त्या दोन रेघा वाचता येतात.

पण रसिकाने खोटही सांगावी. पट्ट्या एकमेकींच्या फार जवळ आहेत. निकोप डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसायला साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा कोन लागतो. सहा सेंटिमीटर अंतरावरचे दोन दिवे या हिशेबाने दोनशे मीटरवर एकच होतात, आणि दिव्याभोवतीची प्रभा, धुकं, ट्रकची धुळकट काच धरली तर त्याच्या पुष्कळ आधी. एकुलत्या दिव्याचं अंतर डोळ्याला मोजता येत नाही. दोन दिवे असले की आपण जवळ जाताना त्यांच्यामधली जागा वाढत जाते आणि त्या वाढण्यावरून मेंदू वेग ओळखतो. म्हणून जादा दिवा घ्यायचा तर पहिला प्रश्न किती तेजस्वी हा नाही, मूळ दिव्यापासून किती लांब बसेल हा आहे. हातभर अंतर मिळालं तरी गाडीचा आकार बदलतो: ठिपका होता, त्याची गाडी होते.

एलईडीचं दुसरं देणं वेळेचं आहे. तारेला तापून पूर्ण उजळायला वेळ लागतो; एलईडी जवळपास त्याच क्षणी पेटतो. फरक सेकंदाच्या पाचव्या भागाचा. मागची गाडी ताशी साठने येत असेल तर तेवढ्यात ती सव्वातीन मीटर पुढे येते, म्हणजे दीड मोटरसायकल. फक्त बल्ब बदलायचा असेल तर लाल भिंगामागे लालच एलईडी घालावा. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात लाल भाग मुळातच तोकडा असतो, त्यामुळे भिंगातून फिकट गुलाबी काहीतरी बाहेर पडतं. बल्बपेक्षा महाग आणि बल्बपेक्षा वाईट, असे दिवे आपल्याकडे भरपूर विकले जातात.

आता लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे येऊ, कारण दुकानदाराचं पहिलं बोट तिकडेच जातं. ‘दादा, हा घ्या, ब्लिंक होतो, लांबून दिसतो.’ खरं आहे. डोळ्याच्या कडेला लुकलुक चटकन पकडली जाते. पण लुकलुकणाऱ्या दिव्यावर नजर ठरत नाही, अंतराचा अंदाज तुटक होतो, आणि शेजारी इंडिकेटर चालू असेल तर तो त्यात बुडतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींची गोष्ट इथे आठवते. जॉन व्होवोडस्की या मानसशास्त्रज्ञाने 1974 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 343 टॅक्सींना मागच्या बाजूला मधोमध एक जादा ब्रेक लाईट लावला. मागून धडकण्याचे प्रकार साठ टक्क्यांनी घटले. अमेरिकेने 1986 च्या मॉडेलपासून तो मोटारींना सक्तीचा केला. पुढे सगळ्यांच्याच गाड्यांना तो आल्यावर 1998 च्या सरकारी अहवालात दीर्घकालीन फायदा उरला 4.3 टक्के. साठ आणि सव्वाचार यांच्यामधलं बरंचसं नावीन्य होतं, असं मला वाटतं. नवी लुकलुक आज तुम्हाला वाचवील. पुढच्या वर्षी रस्त्यावर सगळेच लुकलुकतील. पण तो सव्वाचार टक्क्यांचा उरलेला भाग मला जास्त आवडतो. तो रचनेचा आहे, नवलाईचा नाही: वेगळ्या जागी, वेगळ्या उंचीवर, फक्त ब्रेकसाठी पेटणारा स्थिर दिवा.

नाशिकमध्ये ही अक्कल मोटरसायकलवाल्यांच्या आधी सायकलवाल्यांकडे आली. 2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिककर भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4,800 किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. त्या शर्यतीत रात्री स्वाराच्या पाठोपाठ आपली मोटार चालवावीच लागते. पाठ उघडी ठेवायची नाही हा तिथला नियम. ब्रेव्हे नावाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला निघणाऱ्या स्वारालाही मागचा दिवा आणि परावर्तक जाकीट असल्याशिवाय रात्री निघता येत नाही. पहाटे त्र्यंबक रोडला अशी सायकल मागून बघा: सीटखाली एक लाल दिवा, पाठीवर जाकिटाच्या चंदेरी पट्ट्या, आणि पेडलांचे परावर्तक वरखाली हलणारे. त्या हलण्यावरून क्षणात कळतं की पुढे माणूस आहे. दीडशे किलोची, लाखभराची मोटरसायकल या चित्रापुढे मुकी वाटते.

तेव्हा माझी निवड सांगतो. मागे डिकी म्हणजे टॉप बॉक्स असेल तर त्यावर बसणारा, फक्त ब्रेकच्या वायरला जोडलेला लाल दिवा. तो उंच असतो, चाकाचा चिखल तिथवर पोचत नाही आणि मधल्या मोटारीच्या काचेतूनही दिसतो. साइड बॉक्स असतील तर दोन्हींच्या कडांना मंद, स्थिर टेललाईट. निळं-पांढरं काही नको: केंद्रीय मोटार वाहन नियम 108 प्रमाणे मागे लालखेरीज दुसरा रंग चालत नाही, अपवाद नंबरप्लेटचा पांढरा उजेड, इंडिकेटर अशा मोजक्यांचा.

आणि रेडियम. विजेशिवाय चालणारा, बॅटरी बसली तरी जागा राहणारा हा एकमेव दिवा, आणि सगळ्यात स्वस्त. मात्र रेडियमवाल्याकडे चमकणारं सगळं सारखं नसतं. मोबाइलचा टॉर्च डोळ्याशेजारी, कानशिलाला लावून दहा पावलांवरून पट्टीकडे बघा. खरी परावर्तक पट्टी उजेड आला त्याच दिशेला परत फेकते, म्हणून ती पेटल्यासारखी दिसते. नुसती चकचकीत पट्टी काळीच राहते. लाल पट्टी मागे, बॉक्सच्या बाहेरच्या कडा पकडून लावली की गाडीची रुंदी आखली जाते. ट्रकच्या मागच्या लाल पट्टीचा हिशेब हाच.

जोडणी करणाऱ्यावर लक्ष ठेवावं. वायर सोलून पीळ देऊन वर काळी टेप, हा आपला राष्ट्रीय जोड पहिल्या पावसात हिरवा पडतो. श्रिंक स्लीव्ह मागून घ्यावी. इंडिकेटरही एलईडी केले तर लोड कमी झाल्याने जुना फ्लॅशर भराभरा टिकटिकतो, तोही बदलावा लागतो. आणि घाट उतरताना एक ध्यानात ठेवायचं: गिअर पाडून वेग कमी केला तर ब्रेक लाईट पेटतच नाही. कसाऱ्याला उतरताना ब्रेकचं पेडल अधूनमधून नुसतं शिवावं, इतकं की स्विच लागेल, चाक नाही.

सगळं बसलं की गाडी संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर स्टँडला लावा, ब्रेक दिसताच हात वर करायला सांगून मित्राला शंभर पावलं मागे पाठवा आणि न सांगता ब्रेक दाबा. त्याने हात वर करायला उशीर केला तर वाढवलेल्या दिव्यांपैकी एक काढा आणि पुन्हा दाबा.