जागा कोणाची, निवड कोणाची?

‘आपला माणूस वर गेला’ एवढ्यावर समाधान मानण्याची सवय शोषित समाजाला महाग पडते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील एका जागेचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

१९६७ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या न्यायालयासाठी थरगुड मार्शल या पहिल्या कृष्णवर्णीयाचे नाव सुचविले. जागा आपोआप रिकामी झालेली नव्हती. न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांच्या मुलाला जॉन्सन यांनी अॅटर्नी जनरल नेमले आणि हितसंबंधांचा प्रश्न येऊ नये म्हणून बाप पायउतार झाला. डाव राजकीयच होता. पण मार्शल हे काही जॉन्सन यांनी घडविलेले नव्हते. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा १९५४ चा ब्राउन खटला त्यांनी कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे वकील म्हणून लढविला व जिंकला होता. चळवळीने माणूस घडविला. सत्तेने तो स्वीकारला.

१९९१ साली मार्शल निवृत्त झाले. वारस कृष्णवर्णीयच असावा काय, असे वार्ताहरांनी विचारले तेव्हा त्यांनी वडिलांची शिकवण सांगितली : साप काळा असो की पांढरा, चावतोच. काही दिवसांतच थोरल्या बुश यांनी क्लॅरेन्स थॉमस यांचे नाव पुढे केले. निवडीशी वर्णाचा संबंध नाही, असे बुश म्हणाले. चाल मात्र उघड होती. राखीव संधींना विरोध करणारा माणूस हवा होता, आणि तो कृष्णवर्णीय असला की विरोधकांची तोंडे अर्धी बंद होणार होती. शिवाय वय अवघे ४३ आणि नेमणूक तहहयात. अनिता हिल या कृष्णवर्णीय प्राध्यापिकेने लैंगिक छळाची साक्ष दिली. थॉमस यांनी आरोप नाकारले आणि त्या चौकशीलाच ‘लिंचिंग’ म्हटले. समाजाच्या जखमेची ढाल झाली. ५२ विरुद्ध ४८ मतांनी ते निवडले गेले.

पुढे २०१३ साली मतदान हक्काच्या १९६५ च्या कायद्याचा कणा मोडणाऱ्या आणि २०२३ साली विद्यापीठ प्रवेशांत वर्णाचा विचार बंद करणाऱ्या बहुमतांत थॉमस होते. त्याच जागेवरून!

थॉमस विकले गेले, असे मी म्हणत नाही. दारिद्र्यातून वर आलेल्या या माणसाची मते प्रामाणिकही असतील. प्रश्न निवडणाऱ्याचा आहे. बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत स्वतंत्र मतदारसंघ मागितले ते याचसाठी. बहुसंख्यांनी निवडलेला आपला प्रतिनिधी त्यांच्याच सोयीचा असणार, हे त्यांनी ओळखले होते. १९३२ च्या पुणे करारात जागा वाढल्या. निवडीची दोरी मात्र दुसऱ्यांच्या हाती गेली.

म्हणून जागांची मागणी सोडावी काय? मुळीच नाही. ती आपल्या हक्काची आहे. पण आनंदाचे पेढे वाटण्यापूर्वी विचारले पाहिजे : याला कोणी निवडले, आणि कशासाठी?

मी घरातला पहिला पदवीधर. महाविद्यालयात एखाद्या समितीवर मला घेतात तेव्हा हा प्रश्न मी आधी स्वतःलाच विचारतो : यांना माझे मत हवे आहे, की नुसते माझे आडनाव?