ऋण, तारण, खंडणी

माजलगावच्या बाजारपेठेतून फेरफटका मारताना पतसंस्थांच्या पाट्यांवर 'सोनेतारण कर्ज' हे शब्द ठळक अक्षरांत रंगविलेले दिसतात. आपल्या ख्रिस्ती वाचकाचे पाऊल तेथे क्षणभर तरी अडखळावे. ज्याला आपण 'तारणारा' म्हणतो, ज्याने साधलेल्या कार्याला 'तारण' म्हणतो, त्याच शब्दाने येथे सावकाराच्या तिजोरीत गहाण पडलेले मंगळसूत्र ओळखले जाते. एक तारण पैलतीराला नेणारे, दुसरे तारण अडकवून ठेवणारे. मराठी भाषेने ही दोन टोके एकाच शब्दात बांधली आहेत आणि आपण, म्हणजे तिचा धार्मिक वापर करणारी मंडळी, त्यांपैकी एकच टोक हाती धरून बसलो आहोत. ह्या लेखात आम्हांला जे म्हणावयाचे आहे त्याचा आरंभ ह्या पाटीपाशी होतो.

दुसरे निमित्त एका उपवासकाळातील वाचनाचे. ऊसतोडीचा हंगाम संपवून काही कुटुंबे नुकतीच गावी परतली होती. मत्तयकृत शुभवर्तमानातील प्रभूची प्रार्थना वाचली जात होती. मत्तय तेथे पाप म्हणत नाही, ऋण म्हणतो. लूक त्याच जागी पाप म्हणतो. रूढ पाठांतरांत अपराध आणि क्षमा ह्या सौम्य शब्दांची सवय झालेल्या आमच्या कानांना ते 'ऋण' परके वाटले नाही, इतकेच काय ते. पण मागे बसलेल्या एका गृहस्थाने हळूच विचारले, "गुर्जी, हे उचलीचं म्हणायलेत का?" आम्ही शिरस्त्याप्रमाणे उत्तर दिले की नव्हे, हे आत्म्याचे ऋण. ते गप्प बसले. उत्तर धर्मशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे नव्हते. तरीही घरी परतताना आम्हांला ते पळवाटेसारखे वाटत राहिले.

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकांसाठी 'उचल' म्हणजे काय ते सांगावयास हवे. हंगामापूर्वी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला, ज्या जोडीला ह्या धंद्यात 'कोयता' असेच म्हणतात, आगाऊ रक्कम देतो. ती तोडलेल्या उसाच्या टनांतून फेडावयाची असते. आजारपण आले, खाडा पडला, पाऊस लांबला, की काही रक्कम 'अंगावर' राहते आणि पुढच्या वर्षी तोच कोयता त्याच मुकादमाकडे बांधला जातो. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. 'अंगावर राहणे' हा वाक्प्रचार मात्र कायद्याने रद्द होत नसतो. पापाच्या बंधनाचे ह्याहून नेमके वर्णन आम्ही कोणत्याही प्रवचनात ऐकलेले नाही. माणूस श्रम करतो आणि त्या श्रमानेच अधिक गुंततो. संत पौलाने रोमकरांस लिहिताना पापाला मालक कल्पिले आणि तो मालक मजुरीही देतो असे दाखविले. ती कोणती मजुरी, हे वाचक जाणतातच.

मत्तयाने ऋण हा शब्द अलंकार म्हणून वापरलेला नाही. प्रभू ज्या अरामी बोलीत बोलत होता तिच्यात ऋण आणि पाप ह्यांना एकच शब्द होता. कलस्सैकरांस पत्रात तर क्रुसावर खिळले गेले ते एक कर्जखत आहे, ऋणकोच्या विरुद्ध उभा राहणारा लेख. मराठी वाचकाला येथे इंद्रायणी आठवल्यावाचून राहणार नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते नदीत बुडविली व धाकट्या भावाच्या वाट्याची त्याला देऊन टाकली, असे परंपरा सांगते. खते पाण्यात टाकणारा हा धनको आणि खत क्रुसावर खिळणारा तो धनको ह्यांच्यात जे साम्य आहे त्यावर आपल्या लेखकांनी पुरेसे लिहिले आहे असे आम्हांला वाटत नाही. नारायण वामन टिळकांना ते अंतर्यामी ठाऊक असावे. १८९५ मध्ये मुंबईस बाप्तिस्मा घेतलेला हा कवी आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापाशी आलो असे मानीत असे. परंतु टिळकांच्या अभंगांत पाप हे मुख्यतः विरहाच्या रूपाने येते: देव दूर गेला, मी त्याला मुकलो, आता भेट व्हावी. त्यांची आर्तता खरी आहे आणि तिने आपल्या उपासनेला गोडवा दिला. खत, व्याज, जप्ती ह्यांचा खडबडीत स्पर्श मात्र तेथे फारसा जाणवत नाही.

आता 'खंडणी'. मार्ककृत शुभवर्तमानात मनुष्याचा पुत्र आपला जीव कशासाठी देतो ते सांगताना आपल्या प्रचलित मराठी बायबलने हा शब्द निवडला. निवडला तेव्हा तो योग्य होता. गाव लुटीपासून वाचविण्यासाठी स्वारीवर आलेल्या फौजेला भरावयाची रक्कम म्हणजे खंडणी, हे मराठी मुलखाला अनुभवाने ठाऊक होते. आज बीड जिल्ह्यात हा शब्द वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरचा, पोलीस ठाण्याच्या नोंदीतला झाला आहे. वेदीवरून तो वाचला गेला की तरुण श्रोते एकमेकांकडे पाहतात. शब्द बदलावा असा आमचा आग्रह नाही. कारण त्यांच्या चेहऱ्यावर उमटणारा प्रश्न फार जुना आहे. खंडणी भरली, ती कोणाला? सैतानाला भरली असे काही प्राचीन आचार्य म्हणत. नाझियानझसच्या संत ग्रेगरीने चौथ्या शतकात त्यावर संतप्त हरकत घेतली की लुटारूला देवाकडून मोल मिळावे हे लज्जास्पद आहे, आणि पित्याला भरावी तर पित्याने आपणांस कैदेत टाकले होते काय? पुढे १०९८ च्या सुमारास संत आन्सेल्मने अपमानाची भरपाई ह्या अंगाने निराळी मांडणी केली व तीच आपल्या प्रश्नोत्तरीतून झिरपत आली. ती शास्त्रशुद्ध आहे. पण खराब हाती पडली तर ती देवाला मुकादम करून सोडते, हा धोका आमच्या त्या गृहस्थाला आम्हांआधी दिसला होता. जमाखर्चाची वही घेऊन बसलेल्या देवापुढे मुक्तीचा आनंद कसा व्हावा?

येथे फादर थॉमस स्टीफन्सकडे वळणे इष्ट ठरेल. विल्टशरमध्ये १५४९ त जन्मलेला हा इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यास उतरला आणि १६१६ मध्ये त्याचे क्रिस्तपुराण रायतूर येथे छापून निघाले. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वरू, मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. मंगळुरास १९०७ त झालेल्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ पुन्हा वाचकांच्या हाती आला आणि १९५६ च्या शांताराम बंडेलू ह्यांच्या देवनागरी आवृत्तीने मराठी अभ्यासकांसाठी तो सुगम झाला. ग्रंथारंभी नवख्रिस्ती मंडळी पाद्रीपाशी मागणी करते की जुनी पुराणे सुटली, आता आम्हांस वाचावयास काही द्या. ही मागणी ज्या साष्टीत उभी राहते तेथे देवळे पाडली गेली होती, हे विसरून क्रिस्तपुराणाचे कौतुक करणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. मुक्तीचे काव्य जेथे लिहिले गेले तेथील सत्ता मुक्त नव्हती.

तरीही स्टीफन्सने जे साधले ते मोठे आहे. पापमुक्तीला तो आधी सिद्धान्त म्हणून मांडीत नाही, प्रतीक्षा म्हणून मांडतो. पहिले पुराण सारेच्या सारे वाट पाहण्याचे आहे. आदामाच्या पतनापासून पिढ्यामागून पिढ्या त्या एकाकडे डोळे लावून आहेत आणि ओवीची संथ लय ती प्रतीक्षा श्रोत्याच्या अंगी मुरविते. गोव्याकडील ख्रिस्ती बोलीत आजही पापाला 'पातक' म्हणतात. जे पाडते ते पातक. पतन आणि पातक एकाच धातूतून येतात आणि आदामाची कथा जणू त्या शब्दात आधीच बसलेली आहे. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणण्याचे धैर्य ज्याने दाखविले त्याचा भाषेवर विश्वास होता. उणेपणा आम्हांला दुसरीकडे जाणवतो. क्रिस्तपुराणातील बंधन प्राचीन आहे, भव्य आहे, परंतु ते सर्वांचे असल्यामुळे विशेष कोणाचेच राहत नाही. श्रोता पुराण ऐकावयास बसतो व ऐकून उठतो. त्याच्या अंगावर काही राहते काय, हे पुराण विचारीत नाही.

ते विचारले पंडिता रमाबाईंनी. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वॉन्टेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९०७ च्या आपल्या इंग्रजी साक्षीत त्या निःसंकोचपणे सांगतात की तेव्हा आपणांस ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त गवसला नव्हता. तो पुढे सुमारे आठ वर्षांनी गवसला. आपल्या कॅथोलिक कानांना हे कबूल करणे जड जाते, कारण संस्काराची परिणामकारकता माणसाच्या भावनेवर टांगलेली नसते असे आपण शिकलो. तसे मानूनही रमाबाईंच्या साक्षीचे वाङ्मयीन मोल कमी होत नाही. देवळाचा उंबरठा ओलांडणे आणि बंधन तुटणे ह्यांच्यात वर्षे जाऊ शकतात, आणि ती वर्षे लपविली नाहीत तर आत्मकथन खरे होते. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक श्रद्धानुभवांत ही मधली वर्षे गाळलेली असतात. काल दारू, आज आल्लेलुया.

आणखी एक गोष्ट. वेदान्ती शब्दांविषयी रमाबाई अत्यंत सावध होत्या. मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या आपल्या बायबल-भाषांतरात त्यांनी सोप्या, रूढ संकेतांपासून मोकळ्या मराठीचा ध्यास घेतला. त्याच रमाबाईंनी केडगावच्या आपल्या आश्रमाला नाव दिले ते 'मुक्ती'. अंबाजोगाईला ज्यांची समाधी दाखवितात त्या मुकुंदराजांचा हा शब्द, जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटण्याचा. रमाबाईंनी तो दुष्काळात उपाशी मरणाऱ्या मुलींच्या वसतिगृहावर लावला. भाकरी, अक्षरे, हातमाग, प्रार्थना हे सारे त्या नावाखाली आले आणि शब्दाचा अर्थ वाद न घालता बदलला. (आमच्या मराठवाड्यात ह्या शब्दाला तिसराही अर्थ आहे: १७ सप्टेंबर १९४८. मुक्ती म्हणताच येथील वृद्धांना निजामी राजवट आठवते, आणि ती आठवण इजिप्तमधून सुटलेल्या लोकांच्या आठवणीपासून फार लांब नाही.)

आजच्या आपल्या लेखनाकडे पाहिले तर चित्र मिश्र आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्या 'सुबोध बायबल – नवा करार' ह्या भाषांतराला साहित्य अकादमीचा २०१३ चा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी बायबलची मराठी मोकळी केली ह्यात शंका नाही. आपल्या कविता मात्र अजून 'पापांचे ओझे', 'अंधाराच्या बेड्या', 'मुक्तीची पहाट' ह्यांच्या पलीकडे क्वचित जातात. ओझे किती मणांचे, बेडी कोणी घडविली, ह्याचा पत्ता नसतो. उलट मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील ऋणकोचा दृष्टान्त पाहा. दहा हजार तालांत विरुद्ध शंभर दिनार. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, तालांत म्हणजे सहा हजार दिनार. हिशेब केला तर पहिले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचे, वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर दोन लाख वर्षांचे. दुसरे एका हंगामाहूनही थोडे कमी. कोयत्याच्या जोडीला हा हिशेब सांगावा लागत नाही, ती ऐकतानाच हसते. दोन लाख वर्षांची उचल कोणी माफ करतो, हे ऐकून आलेले ते हसू आमच्या मते ह्या दृष्टान्तावरील उत्तम भाष्य आहे.

परंतु ह्या प्रतिमेत एक पेच आहे आणि तो टाळून चालणार नाही. ऋणाच्या रूपकात पापी तो ऋणको. माजलगावात ऋणकोच्या अंगावर जे आहे ते बहुधा त्याचे पाप नसून त्याच्याविरुद्ध घडलेले पाप आहे. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८७ च्या परिपत्रकात पापाच्या संरचनांचा विचार मांडला. व्यक्तीच्या पापातून उगवून व्यक्तीला ओलांडून राहणारी रचना असा त्याचा आशय. लेवीय पुस्तकातील पन्नासावे वर्ष, ज्यात जमीन परत व दास मोकळा, ते अशाच रचनेवरचे उत्तर होते आणि नासरेथच्या सभास्थानात प्रभूने त्याच वर्षाची घोषणा वाचली. २०२५ च्या जुबिली वर्षासाठी पोप फ्रान्सिस ह्यांनी श्रीमंत राष्ट्रांस गरीब राष्ट्रांची कर्जे सोडण्याचे आवाहन केले होते. शासनाने २०१९ मध्ये कर्जमुक्ती ह्याच नावाची योजना काढली, पण ती बँकांच्या पीककर्जांची. मुकादमाच्या वहीपर्यंत ती पोहोचणारी नव्हती. तेव्हा त्या गृहस्थाला 'हे आत्म्याचे ऋण' असे सांगताना आम्ही शुभवर्तमानाचे एक अंग कापून ठेवले होते.

पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच ओळीकडे परत गेलो आणि ही चूक कबूल केली. गृहस्थ म्हणाले, "पुढचं आमाला लागू नाही. आमचं कुणाकडंच येणं नाही, आमी काय सोडावं?" तेव्हा त्यांची पत्नी, जी तोवर काही बोलली नव्हती, म्हणाली, "येणं हाय की. मुकादमाकडं हाय." आणि तिने मोजावयास आरंभ केला. बाळंतपणानंतर पाचव्या दिवशी फडात उतरविले तो दिवस. तापाच्या खाड्याला कापलेली दुप्पट मजुरी. एक शिवी, जी तिने उच्चारली नाही. मोजून झाल्यावर तिने विचारले, "हे बी सोडायचं का?"

क्षमा म्हणजे हक्क सोडणे नव्हे, न्याय मागूनही द्वेषाच्या बंधनातून मोकळे होता येते, हे सारे आम्हांला ठाऊक होते व ते आम्ही म्हणालोही. तिने ते ऐकून घेतले. प्रार्थनेच्या वेळी त्या ओळीशी येताच बाकीचे पुढे गेले आणि ती थांबली. ओळ संपेपर्यंत तिचे ओठ मिटलेले होते. दिवाळीनंतर ट्रक आला तेव्हा त्या कुटुंबाच्या अंगावर मागील हंगामाची काही रक्कम अद्याप होती.