दऱ्या आणि दर्या

परवा रात्री फोनवर एक जुनं प्रवासवर्णन वाचत होतो. लेखक घाटमाथ्यावर उभा, वारा भणाणतोय आणि पायाखाली ‘खोल खोल दर्या’. वाटलं, इथून थेट समुद्र दिसतो की काय! दोन ओळी पुढे गेल्यावर उलगडा झाला. सह्याद्रीतल्या दऱ्यांचाच दर्या झाला होता. त्याच पुस्तकात पुढे लग्नघरचे आचारी ‘आचार्यांना’ या रूपात भेटले, तेव्हा मात्र हसू आलं.

छापील पुस्तक टिकणार की पडदा जिंकणार, हा आपल्याकडे आवडीचा परिसंवाद. मला तो वेळेआधीच भरवलेला वाटतो, कारण पडद्यावरचं मराठी पुस्तक अजून नीट तयारच झालेलं नाही. संगणकावर जुळणी सुरू झाली तेव्हा आपली पुस्तकं युनिकोडपूर्व फॉन्टांत बसली. त्या फाइलींत डोळ्यांना मराठी अक्षर दिसतं, पण यंत्राच्या लेखी ते रोमन चिन्हाच्या जागी बसवलेलं चित्र असतं. मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’मधला आडवा र निसटतो आणि त्या जागी रफार चढतो. मुद्रितशोधकाने एकदा नजर फिरवली तर भागेल. पण ई-आवृत्तीसाठी मुद्रितशोधकाला पैसे कोण देणार?

म्हणून बहुतेकदा सोपी वाट धरतात: पीडीएफ, म्हणजे कागदाचा फोटोच. दिवाळी अंक असा वाचून बघा. पहिला रकाना वाचत तळाशी जायचं, दुसऱ्यासाठी पुन्हा वर यायचं, अक्षर मोठं केलं की ओळीचं शेपूट बाहेर. 1909 साली ‘मनोरंजन’ने सुरू केलेली ही परंपरा बोटांनी चिमटे काढत वाचावी लागते. किंडलवर मराठी 2016च्या अखेरीस आलं. तिथे मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो खरा, पण निवड अजून तुटपुंजी. त्यात सरकारी गंमत अशी, की छापील पुस्तकावर जीएसटी शून्य. 2018 साली ई-पुस्तकावरचा कर 18 टक्क्यांवरून 5 वर आला, तोही छापील आवृत्ती असेल तरच.

मराठीत छपाई नवी होती तेव्हा विरोध याहून कडवा होता. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागदाला शिवत नसत. 1831 साली मुंबईत शिळाछापावर पंचांग काढणाऱ्या गणपत कृष्णाजींनी म्हणे शाईत तूप वापरलं. वाचकाच्या जुनाट मनाला नावं ठेवण्यापेक्षा त्यांना शाई बदलणं सोपं वाटलं. आजच्या ई-पुस्तकवाल्यांत असं तूप घालणारा मला तरी दिसत नाही.

जिथे काम मनापासून झालं, तिथे कागद केव्हाच मागे पडलाय. मोल्सवर्थचा 1857चा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. विश्वकोशाचे 20 खंड घरात ठेवायला भिंत लागते. पडद्यावर नोंद दोन क्षणांत सापडते. कोशाच्या बाबतीत मी कागदाची बाजू घेणार नाही. कादंबरीचं वेगळं. तिच्यात किती पानं उरली हे उजव्या हाताच्या अंगठ्याला कळावं लागतं. आणि विकत घेतलेलं ई-पुस्तक शेजारच्या काकूंना वाचायला देता येत नाही, ही तर सरळ अडचण आहे.

त्या दर्याचा छडा लावायला शेवटी वाचनालयात गेलो. खिळे जुळवून छापलेली जुनी आवृत्ती मिळाली. जुळाऱ्याने ‘दऱ्या’ अगदी बरोबर बसवल्या होत्या. पान उलटलं, तर पिवळा कोपरा तुटून बोटांत राहिला. ग्रंथपाल बाईंनी मान वर न करता सेलोटेप पुढे सरकवली.